बॅटरीवर गारवा : हिशेब आणि मर्यादा

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पडतात. घाटावरील बुलढाणा शहराची हवा तुलनेने थंड. परंतु घाटाखाली मलकापूर, शेगाव, जळगाव जामोद या भागांत उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत वीज गेली की, कार्यालयातील वातानुकूलन यंत्र बॅटरीवर चालवावे, अशी सूचना साहजिकच पुढे येते. खर्च मंजूर करण्यापूर्वी थोडा हिशेब करणे हिताचे ठरेल.

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १.८ युनिट वीज साठते. शिसे-आम्लाची बॅटरी वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. इन्व्हर्टरमध्येही काही वीज खर्ची पडते. हाती उरते सुमारे पाऊण युनिट. दीड टनाचे यंत्र पूर्ण भाराने चालताना तासाला सुमारे दीड युनिट घेते. म्हणजे अर्ध्या तासात साठा संपतो. तेवढ्याच विजेवर ६० वॉटचा पंखा बारा तास चालतो. लिथियम बॅटरीतील साठा अधिक प्रमाणात वापरता येतो. पण तिची किंमतही अधिक असते.

लसींच्या बाबतीत मात्र गारवा ही चैन नसून गरज आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. उष्णतेने तिचा गुण उणावतो, तर पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठल्यानेही निकामी होते. कुपीवरील खुणेचा चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला, की ती लस बालकाला द्यावयाची नसते.

येथे उपयोगी पडतो तो आय.एल.आर. या नावाने परिचित असलेला शीतक. त्याच्या आतील भिंतींना बर्फाचे अस्तर असते. वीज असताना बर्फ तयार होतो आणि वीज गेल्यावर तोच गारवा पुरवितो. त्यामुळे दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी तापमान राखता येते. सौर शीतकांनाही पूर्वी बॅटरी लागे. काही वर्षांत ती निकामी झाली, की शीतक बंद पडे. नव्या पद्धतीच्या सौर शीतकांत उन्हाची वीज थेट बर्फ गोठविण्यासाठी वापरली जाते.

तापमानाची नोंद सुटीच्या दिवशीही दोन वेळा घेणे आणि शीतकाचे झाकण विनाकारण न उघडणे, ही दक्षता आरोग्य केंद्राने घ्यावयाची आहे. शाळा व ग्रामपंचायतींनी छतावर पांढरा चुन्याचा लेप, खिडक्यांना सावली आणि बॅटरीवर पंखे व दिवे एवढी सोय प्रथम केल्यास अल्प खर्चात उन्हाळा सुसह्य होईल.