नारळ कन्हेरीचा, पाणी नीरेचं

निवडणुका लागल्या की महाराष्ट्रातल्या वाहिन्यांच्या गाड्या बारामतीहून इंदापूर रस्त्याला लागतात आणि काटेवाडीशेजारच्या कन्हेरीत मारुतीच्या देवळापाशी थांबतात. पवार कुटुंबाच्या प्रचाराचा नारळ इथे फुटतो, ही अनेक दशकांची रीत. 1967 साली शरद पवार बारामतीतून पहिल्यांदा विधानसभेवर गेले. तेव्हापासून घरातली उमेदवारी बदलत गेली, चिन्हंही बदलली, पण सुरुवातीचा मारुती मात्र तोच राहिला.

2024 साली या देवळाची खरी परीक्षा झाली. एप्रिलमध्ये शरद पवारांच्या कन्या सुप्रिया सुळे यांच्या लोकसभेच्या प्रचाराची सुरुवात इथूनच झाली आणि समोर उमेदवार होत्या त्यांच्याच भावजय, अजित पवारांच्या पत्नी सुनेत्रा पवार. ऑक्टोबरच्या अखेरीस विधानसभेसाठी अजित पवार आणि त्यांचे पुतणे युगेंद्र एकमेकांसमोर उभे राहिले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या सभा लागोपाठ कन्हेरीतच झाल्या. मारुतीनं कुणाचं ऐकावं? मतदारांनी तोडगा काढला. लोकसभेला सुप्रियाताईंना सुमारे दीड लाखाचं मताधिक्य दिलं आणि विधानसभेला अजितदादांना सुमारे एक लाखाचं. बाहेरच्यांना हे कोडं वाटलं. इकडच्या माणसाला त्यात फारसं नवल वाटलं नसावं. दिल्लीला कोण आणि मुंबईला कोण, हा हिशेब इथे वेगवेगळा मांडला जातो.

पण गावाची ओळख एवढ्या नारळावर संपवणं मला पटत नाही. कॅमेरे निघून गेले की या पट्ट्यात जे राजकारण उरतं, ते पाण्याच्या पाळीचं असतं. ते नारळाहून कितीतरी जुनं आहे.

हा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. 1876-78च्या दुष्काळानं दख्खन होरपळल्यावर इंग्रज सरकारनं भोरजवळ भाटघरला धरण बांधायला घेतलं आणि 1885च्या सुमारास नीरा डाव्या कालव्यातून पाणी वाहू लागलं. पुरंदरपासून बारामती ओलांडून इंदापूरपर्यंत, साधारण दीडशे किलोमीटरची ही वाट. दुष्काळात पिकं जगवायची, एवढाच मूळ हेतू होता. शेतकऱ्यांनी मात्र सुरुवातीला हे पाणी घ्यायला फारसा उत्साह दाखवला नाही. पाऊस बरा झाला तर पाणीपट्टी कशाला भरायची, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

पाटाला पैसा मिळवून दिला तो उसानं. सासवडच्या माळी बागायतदारांनी कालव्याकाठी जमिनी खंडानं घेऊन ऊस लावला, गूळ केला. याच माळ्यांनी पुढे 1930च्या दशकात माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभा केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात अभियंता होते. त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली: ठरावीक जमिनीला काही वर्षांसाठी पाण्याची हमी, पण ऊस फक्त एक तृतीयांशात, बाकी हंगामी पिकं, आणि उसाची जागा दरवर्षी फिरती. पाणी जास्तीत जास्त गावांना मिळावं आणि जमीनही टिकावी, असा तो बेत होता. आजच्या एकसलग उसाकडे पाहिलं की त्या बेतातलं किती उरलं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

जमीन बिघडायला वेळ लागला नाही. पाट झिरपला, खालचं पाणी वर आलं, वर मीठ फुटलं. चोपण आणि चिबड हे शब्द बागायतदाराच्या तोंडी आले. 1910 सालीच पुण्याच्या शेती कॉलेजचे हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर अहवाल लिहिला. हेच मान पुढे पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर अभ्यास करून दख्खनी खेड्याचं अर्थशास्त्र मांडणारे. म्हणजे कालवा येऊन पंचवीस वर्षं होताहेत तोच त्याचे दुष्परिणाम छापून आले होते.

पुढचा मोठा बदल सहकारी कारखान्यांचा. 1950च्या दशकात माळेगावला आणि काटेवाडीच्या पुढे, तालुक्याची हद्द ओलांडताच लागणाऱ्या भवानीनगरला कारखाने उभे राहिले. मॅकगिल विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड अ‍ॅटवूड यांनी याच कालव्यावरच्या ऊसकऱ्यांवर पुस्तक लिहिलं. सहकारात फक्त बडे बागायतदारच पुढे आले, ही समजूत त्यांनी खोडून काढली. लहान शेतकऱ्यालाही शेअर घेऊन सभासद होता आलं, यात त्यांना कारखान्यांच्या यशाचं एक कारण दिसलं. आजही या भागात एखाद्याची ऐपत जोखताना आधी विचारतात, ऊस किती टन जातो? गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, बैलगाड्या आणि मराठवाड्यातून आलेल्या तोडणीच्या टोळ्या रस्त्यावर येतात. उचल घेऊन आलेली ही माणसं पाचटाच्या खोप्यात हंगाम काढतात. गावाच्या इतिहासात त्यांची नोंद कुठेच नाही, आणि ऊस तर त्यांच्याच कोयत्याखालून जातो.

निवडणुकीच्या नारळाखेरीज इथल्या गावकीचा दुसरा मोठा दिवस आषाढी वारीचा. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीत येते, तेव्हा परीट समाज तिच्यापुढे धोतरांच्या पायघड्या घालतो आणि धनगर आपल्या मेंढ्या रथाभोवती पळवतात. घोड्याचं रिंगण पुढे बेलवडीला होतं. मेंढ्यांचं मात्र काटेवाडीचंच. कळपाला रोगराई शिवू नये, ही त्यामागची श्रद्धा. मला यात आणखी एक गोष्ट दिसते. पाट येण्याआधी हा सगळा मुलूख मेंढपाळांचा आणि माळरानाचा होता, आणि वर्षातून एक दिवस का होईना, उसाच्या राज्यात मेंढीला मान मिळतो. कन्हेरीच्या बाजूला वनखात्याची जमीन अजून राखलेली आहे. चिंकारा, कोल्हे, लांडगे हे या माळाचे जुने रहिवासी. अलीकडे उसाच्या आडोशानं जिल्ह्यात जिकडेतिकडे बिबट्याही आला, आणि रात्री पाण्याची दारं धरायला जाणाऱ्याच्या हातात बॅटरीबरोबर काठी आली.

पाळीवरची भांडणं आजही संपलेली नाहीत. वरच्याला आधी पाणी, टेलच्या इंदापूरकरांना उरलंसुरलं, ही तक्रार कालव्याइतकीच जुनी. त्यावर उपाय म्हणून कालव्याला काँक्रीटचं अस्तर घालायचं ठरलं, तर बारामतीकडच्या शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. कारण ज्या गळतीनं आजोबांची जमीन चोपण केली, त्याच गळतीवर नातवांच्या विहिरी भरतात.