हवेवर उभी गाडी : आधी गळती शोधा, मग सामान बदला

नागपुरात जीप, ट्रक आणि जिप्सीच्या कमान-पाट्यांचे काम करणाऱ्या कारागिरांत आपले बांधव बरेच आहेत. पाटा मोडला, सेंटर बोल्ट तुटला, बुश झिजला, हे त्यांना गाडी हलवून पाहताच समजते. पेंच-ताडोबात पर्यटकांना फिरवणाऱ्या मारुती जिप्सीला चारही चाकांवर पाटेच असतात. तिची उंची वाढवायची तर काय करावे, हे इथले उस्ताद पुस्तक न उघडता सांगतील. परंतु आता गॅरेजच्या दारात एक वेगळी गाडी येऊ लागली आहे. तिला ना पाटे, ना लोखंडी स्प्रिंग. ती हवेवर उभी असते.

रेंज रोव्हरने १९९२ साली आपल्या जंगलवाटेच्या गाडीला हवेचे सस्पेन्शन दिले. २००८ मध्ये टाटा मोटर्सने जग्वार-लँड रोव्हर कंपनी विकत घेतली, २००९ पासून भारतात अधिकृत विक्री सुरू झाली आणि २०११ मध्ये पुण्याजवळ लँड रोव्हरची जुळणी होऊ लागली. नवी असताना या गाडीची किंमत आपल्यासारख्या व्यापाऱ्याच्या विचाराबाहेरची. दहा-बारा वर्षे जुनी झाली की ती आवाक्यात येते. हौशी मालक ती आणखी दीड-दोन इंच उचलून घेतो. मग एका सकाळी गाडी एका कोपऱ्यावर बसलेली दिसते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि मेकॅनिक म्हणतो, 'कॉम्प्रेसर गेला.' मोठी रक्कम मोजून कॉम्प्रेसर बदलला जातो आणि महिन्याभरात तोही जळतो. नुकसान दोघांचे होते. मालकाचा पैसा जातो, कारागिराचे नाव जाते.

ही यंत्रणा समजायला अवघड नाही. चार चाकांवर चार रबरी फुगे असतात. कॉम्प्रेसर हवा भरतो, जादा हवा टाकीत साठते, व्हॉल्व्ह ब्लॉक ती ज्या कोपऱ्याला हवी तिथे पाठवतो. प्रत्येक चाकाजवळ उंची मोजणारा सेन्सर असतो. तो एका छोट्या काडीने चाकाच्या हाताला जोडलेला असतो. तो जे सांगेल तेच गाडीचा कॉम्प्युटर खरे मानतो.

गाडी उचलणारे बहुधा हीच काडी बदलतात. काडीची लांबी बदलली की कॉम्प्युटरला वाटते गाडी खाली बसली आहे, म्हणून तो आणखी हवा भरतो. कापडाच्या धंद्यातली ही जुनी गोष्ट आहे. गज आखूड केला म्हणून थानातले कापड वाढत नाही, फक्त हिशेब खोटा होतो. काडी बदललेल्या गाडीचा कॉम्प्युटर खोट्या गजाने मोजत असतो. म्हणून अशा गाडीच्या तपासणीचा पहिला नियम हा की, कंपनीच्या मूळ मापाच्या काड्या परत लावा आणि मग बिघाड शोधा. मूळ मापावर दोष गेला, तर तो उचलण्याच्या कामात होता. राहिला, तर पुढे चला.

दुसरे काम मोजपट्टीचे. संध्याकाळी गाडी सपाट जागी उभी करा. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपऱ्यांचे माप वहीत लिहा. सकाळी पुन्हा मोजा. इथे एक खुबी आहे. यातल्या काही गाड्या बंद असतानाही काही तासांनी जाग्या होतात आणि एक कोपरा खाली गेला असेल तर बाकीचे तीन त्याच्या बरोबरीला आणतात. सकाळी चारही कोपरे खाली दिसतात आणि खरा गुन्हेगार लपून जातो. म्हणून रात्री सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवावा. एकच कोपरा बसला तर त्याचा फुगा किंवा नळीचा जोड तपासा. पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही सारखेच बसले तर व्हॉल्व्ह ब्लॉकवर संशय घ्या.

तिसरे काम साबणाच्या पाण्याचे. नळीचे जोड, ओ-रिंग आणि फुग्याची घडी यांवर ब्रशने साबणपाणी लावा. बुडबुडे दिसले की गळती सापडली. रबराची घडी वर्षानुवर्षे एकाच जागी पडते आणि तिथेच बारीक चिरा जातात. गाडी एका उंचीवर असताना ही चीर मिटलेली असते, दुसऱ्या उंचीवर उघडते. म्हणून साबणपाणी खालच्या, मधल्या आणि वरच्या, तिन्ही उंचींवर लावून पाहावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर नेणाऱ्या आपल्या शहरात रबर लवकर कोरडे पडते, हेही लक्षात असू द्या.

आता कॉम्प्रेसर. गळती असेल तर तो गेलेली हवा भरून काढायला सारखा चालत राहतो, तापतो आणि स्वतःला बंद करतो. त्याच्याजवळ हवेतला ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा डबा असतो. दाणे जुने झाले की त्यांचा भुगा होऊन व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जातो. रिले चिकटला तर कॉम्प्रेसर थांबतच नाही. गळती, दाणे आणि रिले तिन्ही तसेच ठेवून नवा कॉम्प्रेसर बसवणे म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य भरणे. स्कॅनरवर आलेला कोड पुसण्याआधी लिहून घ्या. कोड हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. 'हवा भरायला फार वेळ लागतो' असे तो सांगेल. का लागतो, ते माणसानेच शोधायचे.

उचललेल्या गाडीचे काही दोष हवेचे नसतातच. फार उचलल्यावर चाक खड्ड्यात पूर्ण लोंबकळले की सेन्सरचा हात उलटा फिरू शकतो आणि मग तो भलतेच माप सांगतो. एक्सलच्या जोडाचा कोन वाढून रबरी बूट फाटतात. ब्रेकची नळी ताणली जाते, चाकांची अलाइनमेंट बिघडते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. कंपनीची गाडी जंगलवाटेसाठी वर उचलली जाते, पण ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेग गेला की स्वतःच खाली येते. काडी बदललेली गाडी प्रत्येक वेगाला ठरल्यापेक्षा उंचच राहते. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने अशी गाडी वळवणे हा जिवाशी खेळ आहे.

कारागिरांना हात जोडून सांगणे आहे की, हवेवर उभ्या गाडीखाली लोखंडी घोड्या लावल्याशिवाय कोणीही जाऊ नये. नळी सुटली तर गाडी क्षणात खाली येते. टाकीतला दाब टायरच्या हवेच्या कितीतरी पट असतो, म्हणून हवा सोडल्याशिवाय जोड उघडू नये. गाडीखाली आधी सरकतो तो आपला शागीर्दच. त्याला हे पहिल्याच दिवशी शिकवा.

मालकांनी कायदाही जाणून घ्यावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले की, कंपनीने ठरवलेल्या मूळ नमुन्यापासून वेगळा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघातानंतर विम्याचा दावाही अडकू शकतो. उंची वाढवण्याचे किट बसवण्यापूर्वी आरटीओत विचारणे स्वस्त पडते.

शेवटी धंद्याची गोष्ट. आपल्याकडे ग्राहक सामानाचे पैसे देतो, तपासणीचे देत नाही. म्हणून कारागीर सामान विकतो. एका ओ-रिंगच्या दोषासाठी पूर्ण कॉम्प्रेसर बदलला जातो, त्याचे मूळ इथे आहे. मालकाने तपासणीची मजुरी वेगळी द्यावी. कारागिराने चार कोपऱ्यांची मापे, कोड आणि सापडलेली गळती कागदावर लिहून द्यावी. कमान-पाट्यांत ज्यांचा हात बसला आहे, त्यांना हे नवे हुन्नर परके नाही. एक मोजपट्टी, साबणाचे पाणी, साधा स्कॅनर आणि सब्र, एवढ्या भांडवलावर सुरुवात होते. ज्याचे माप खरे, त्याच्या दारात ग्राहक परत येतो. कापडात हे खरे आहे आणि गॅरेजमध्येही.