नाव पाहावे की गुरू पाहावा?

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने खेळायचा खेळ येतो. अमेरिकेतला फुटबॉल निराळा. तिथे लांबट चेंडू हाताने फेकतात, छातीशी धरून पळतात आणि समोरचा गडी अंगावर येऊन आडवा करतो. या खेळाचे तिथे प्रचंड वेड आहे. त्यामुळे दरवर्षी हजारो घरांत एकच प्रश्न निघतो : मुलाने कोणत्या कॉलेजात जावे? प्रश्न वरवर खेळाचा दिसतो. पण साध्या घरातल्या मुलाचे सारे आयुष्य त्यावर अवलंबून असते. म्हणून आज तो आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत.

कॉलेज हीच तालीम

एन.एफ.एल. ही तिथली व्यावसायिक स्पर्धा. तिच्यात ३२ संघ आहेत. शाळा संपून तीन वर्षे झाल्याशिवाय तिथे प्रवेश नाही. ही वर्षे बहुतेक सर्व मुले कॉलेजच्या संघात काढतात. नंतर सात फेऱ्यांच्या ‘ड्राफ्ट’मध्ये व्यावसायिक संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात.

आम्ही पडलो हिशेबाच्या वहीतले, तेव्हा आकडे मांडून पाहू. शाळांतून हा खेळ खेळणारी मुले सुमारे १० लाख. कॉलेजात खेळणारी ७० हजारांच्या वर. ड्राफ्टमध्ये नाव लागते ते वर्षाला अडीचशेच्या आसपास मुलांचे. म्हणजे कॉलेजात खेळून बाहेर पडणाऱ्या शंभरांतले दोघेही वर पोहोचत नाहीत. पोहोचले त्यांच्यातही कित्येकांचा खेळ दुखापतीने लवकर आटोपतो.

दारात आलेला प्रशिक्षक

मुलगा चांगला खेळतो असे कळले की कॉलेजचे प्रशिक्षक घरी येऊन बसतात. आईवडिलांशी गोड बोलतात. फी, राहणे, जेवण, पुस्तके, सगळ्याची शिष्यवृत्ती देऊ म्हणतात. कॉलेज पाहायला आपल्या खर्चाने नेतात. झगमगीत व्यायामशाळा आणि भले मोठे मैदान पाहून सतरा वर्षांचा पोर हरखून जातो. जाणते पालक मात्र चार प्रश्न विचारतात.

पहिला : आमचा मुलगा ज्या जागी खेळतो, त्या जागेचे किती खेळाडू तुम्ही वर पाठवलेत, आणि त्यांना घडवणारा प्रशिक्षक अजून इथेच आहे का? दुसरा : त्या जागेसाठी त्याच्या आधी रांगेत किती जण आहेत? तिसरा : तुमची खेळण्याची पद्धत व्यावसायिक संघांच्या जवळची आहे का? चौथा : उद्या गुडघा मोडला तर पदवीचे काय?

मोठ्या नावाला अर्थ नाही असे नव्हे. २०२२ च्या एकाच ड्राफ्टमध्ये जॉर्जिया विद्यापीठाचे १५ खेळाडू निवडले गेले. सात फेऱ्यांच्या ड्राफ्टमधला हा विक्रमच. अशा ठिकाणी रोजच्या सरावातच तोडीस तोड गडी भेटतो. पण तिथे रांगही तेवढीच लांब असते.

जो बरो हा क्वार्टरबॅक, म्हणजे डावाची सूत्रे हलवणारा गडी. ओहायो स्टेट या बड्या विद्यापीठात तो राखीव म्हणून बसून राहिला. पण त्या काळात त्याने पदवी पुरी केली. पदवी हाती असल्यामुळे २०१८ साली लुईझियाना स्टेट विद्यापीठात जाताच त्याला खेळता आले. नियमाप्रमाणे वर्षभर थांबावे लागले नाही. पुढच्याच वर्षी तिथे व्यावसायिक संघातून जो ब्रेडी हा प्रशिक्षक आला आणि तीच आधुनिक पद्धत त्याने शिकवली. बरोने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि २०२० च्या ड्राफ्टमध्ये त्याचे नाव सर्वांत पहिले पुकारले गेले. पहा, पदवीनेच त्याला खेळाचे दार उघडून दिले!

जॉश ॲलन हा कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्याचा मुलगा. शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या विद्यापीठाने त्याला विचारले नाही. तो जवळच्या एका लहान कॉलेजात खेळला आणि कितीतरी प्रशिक्षकांना स्वतः पत्रे धाडत राहिला. अखेर वायोमिंग विद्यापीठाने त्याला घेतले. नाव लहान, पण तिथे व्यावसायिक संघांसारखा खेळ शिकवत आणि मैदानावर उतरायला मिळत होते. २०१८ साली ड्राफ्टमध्ये तो सातवा निवडला गेला.

दार बंद होते तेव्हा

एक काळ असा होता की कृष्णवर्णीय मुलांना निवडच नव्हती. दक्षिणेतली बडी विद्यापीठे त्यांना संघात घेत नसत. अलाबामा विद्यापीठात फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, विल्बर जॅक्सन, दाखल झाला तो १९७० साली! ही मुले ग्रॅम्बलिंगसारख्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत जात. तिथे एडी रॉबिन्सन यांनी १९४१ पासून १९९७ पर्यंत प्रशिक्षण दिले आणि २०० हून अधिक खेळाडू व्यावसायिक संघांत पाठवले. त्यांचाच शिष्य डग विल्यम्स याने जानेवारी १९८८ मध्ये अंतिम सामना, सुपर बोल, जिंकून दिला. क्वार्टरबॅक म्हणून असे करणारा तो पहिला कृष्णवर्णीय. साधने तुटपुंजी होती; गुरू मात्र अस्सल होता.

आता पैसाही आला

जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावाच्या जाहिरातींचे पैसे घेता येतात. २०२५ पासून विद्यापीठेही थेट पैसे देऊ शकतात. कॉलेज बदलल्यावर वर्षभर बसण्याची जुनी अटही गेली. खेळाडूच्या घामाला मोल मिळाले, हे न्यायाचेच झाले. पण पैशामागे दरवर्षी कॉलेज बदलणाऱ्याचे शिक्षण मागे पडते, आणि एका गुरूच्या हाताखाली घडायचे राहून जाते.

म्हणून आम्हाला चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो. शंभरातला एखादा वर जाईल. त्याचे कौतुक जग करील. उरलेल्या अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव मुलांच्या हाती काय राहील, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी शिष्यवृत्तीच्या कागदावर सही होण्यापूर्वीच विचारले पाहिजे.