कुणाचंही होतं ते पानिपत

गणिताच्या पेपराचं, पालिकेतल्या पक्षाचं, उपान्त्य फेरीत गारद झालेल्या संघाचं. मराठीत पानिपत कुणाचंही होतं. खरं तर त्या मैदानावर मोठ्या लढाया झाल्या तीन: 1526, 1556 आणि 14 जानेवारी 1761. पहिलीत बाबराने दिल्ली कमावली, दुसरीत अकबराने परत मिळवली. पण बोलीत उरली ती तिसरीच, कारण ती आपण हरलो.

बातमीदारांचा लाडका शब्द घ्या: भाऊगर्दी. निवडणूक आली की इच्छुकांची भाऊगर्दी होतेच. यातले भाऊ म्हणजे त्या तिसऱ्या लढाईतले मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ. मोल्सवर्थच्या जुन्या कोशातही हा शब्द पानिपतच्या वाताहतीशीच जोडलेला आहे. शिवाय त्या काळच्या मराठीत ‘गर्दी’ म्हणजे लोकलमधली रेटारेटी नव्हे, तर दंगल, कापाकापी. 1773 मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याला गारद्यांनी मारलं, त्या प्रकारालाही गर्दीच म्हणत. म्हणजे तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्यांना आपण मतदानाआधीच हरवून मोकळे होतो!

पानिपतच्या गोष्टीत हटकून येणारे बाजारबुणगे हे लष्करामागून चालणारे बिनलढाऊ लोक. आता ते फक्त अग्रलेखात भेटतात, तेही शिवीसारखे.

पराभवाची बातमी दक्षिणेत आली ती सावकारी भाषेत, असं सांगतात. मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची गणतीच नाही. मोती म्हणजे भाऊ आणि पेशव्यांचा मुलगा विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार आणि खुर्दा म्हणजे बाकीची सगळी माणसं. एवढा थंड आणि एवढा भयंकर हिशेब मराठीत दुसरा नसेल. खुर्दा म्हणजे चिल्लर, आणि फौज उधळली की तिचाही ‘खुर्दा उडतो’.

‘विश्वास? तो तर पानिपतातच गेला!’ उधारी मागणाऱ्याला दुकानदाराने ऐकवायचा हा हुकमी टोमणा. गंमत आहे खरी, पण रघुनाथ यादवाने पानिपतची बखर लिहिली ती विश्वासरावाच्या आईच्या, गोपिकाबाईंच्या सांगण्यावरून, हे आठवलं की हसू जरा आवरतं. पुढे 1988 मध्ये ‘पानिपत’ ही कादंबरी घरोघरी नेली तीही एका विश्वासनेच, विश्वास पाटलांनी. त्यांच्या पानांत भाऊ हरतात, पण हास्यास्पद होत नाहीत. क्रीडापानाला हे अजून जमलेलं नाही.

विनोदाचे बादशहा राम गणेश गडकरी या विषयाकडे वळले तेव्हा गोविंदाग्रज झाले आणि त्यांनी ‘पानपतचा फटका’ लिहिला. होय, पानपत. जुन्या लिखाणात हेच रूप बरेचदा दिसतं. फटका हा अनंत फंदीने गाजवलेला काव्यप्रकार, आणि नुकसान झालं की बसतो तोही फटकाच. याहून नेमकं शीर्षक मला तरी सुचत नाही.

एक लोकप्रिय समज मात्र मोडायला हवा. ‘संक्रांत कोसळली’ हा वाक्प्रचार पानिपतमुळे आला असं छातीठोकपणे सांगतात, कारण लढाई 14 जानेवारीची. पण मकरसंक्रांतीची तारीख सरकत असते. विवेकानंद संक्रांतीला जन्मले ती तारीख होती 12 जानेवारी 1863. त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलं तर संक्रांत येते 10 जानेवारीच्या आसपास. लढाईच्या दिवशी तिळगूळ संपलेला होता. कोसळणारी संक्रांत ही बहुधा पंचांगातली देवी, वाहनावर बसून येणारी आणि ज्याच्याकडे पाहील त्याला भोवणारी.

खुद्द पानिपतला या कशाचा पत्ता नाही. ते गाव ब्लँकेटं विणतं, लोणची घालतं. भालाफेकपटू नीरज चोप्रा त्याच जिल्ह्यातल्या खंडरा गावचा. 7 ऑगस्ट 2021 ला टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने 87.58 मीटर भाला फेकून सुवर्ण जिंकलं. ‘पानिपतकराने केलं इतरांचं पानिपत’ असा मथळा सुचत असेल, तर आवरा: रौप्यपदकवाला जेमतेम 91 सेंटिमीटर मागे होता.