पाणी हटेल तिथे शिवार

वाळूजहून अहिल्यानगरच्या रस्त्याने निघाले की कायगाव टोक्याला गोदावरी लागते. प्रवरा तिला इथेच मिळते. जुने कायगाव निराळे आणि नवे कायगाव निराळे हे पाहून नवख्याला नवल वाटते. काठच्या माणसाला वाटत नाही. गावाला जुने-नवे लावण्याची वेळ जायकवाडीने आणली.

धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ साली झाली, उद्घाटन १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते. पैठणला सुमारे १० किलोमीटर लांबीचा बांध उभा राहिला आणि जवळजवळ ३५० चौरस किलोमीटर मुलूख नाथसागराखाली गेला. गेली ती गोदाकाठची काळी, खोल, ओल धरणारी जमीन. शंभराहून अधिक गावांना झळ लागली. कित्येकांच्या वाट्याला मुरमाड माळ आला. या दोन जमिनींतला फरक शेतकरी बंधूंना मी काय सांगावा!

नाथसागर पसरट आणि उथळ आहे. त्यामुळे पाणी थोडे उतरले तरी काठाला दूरवर जमीन उघडी पडते. हीच गाळपेर. मालकी सरकारची, पेरणी एका हंगामाची, आणि तारीख पाण्याने ठरवायची. धरण भरले की वाफसा उशिरा येतो. २०१२-१३ सारख्या दुष्काळात पाणी मृतसाठ्यात गेले की नजर पोचेल तिथवर गाळ. अशा रानात कमी दिवसांत येणारा हरभरा किंवा जनावरांसाठी कडवळ बरे. ओल वरच्या थरात आहे तोवर पाभर चालवावी, गाळ फार उलथू नये. औषधाच्या फवारणीचा मोह मात्र आवरावा. संभाजीनगरची घरे आणि वाळूजचे कारखाने याच पाण्यावर आहेत, आणि आपलीही जनावरे तिथेच पितात.

पाण्याबरोबर जमीन हलते तशी माणसेही. भोई मंडळी थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी टाकतात आणि पाणी सरेल तसे खाली सरकतात. कोणी ऊसतोडीला जाते, कोणी वाळूजला कामाला राहते. २०११ ची शिरगणती फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन तोडीच्या दिवसांत. २०२१ ची तर झालीच नाही. मग गावात माणसे किती, याचे उत्तर कोणत्या महिन्यात विचारता त्यावर.

अमेरिकेतील अलास्कात निंगलिक नदीकाठी न्यूटॉक नावाचे युपिक लोकांचे गाव होते. वस्ती साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे आपल्याकडची एक वाडी. धंदा मासेमारी आणि शिकार. बारमाही गोठलेली जमीन वितळू लागली आणि नदी काठ खाऊ लागली. गावकऱ्यांनी पलीकडची उंच जागा स्वतः निवडली. तिचे नाव मेर्टारविक, म्हणजे पाणी भरण्याची जागा. पहिली कुटुंबे २०१९ साली गेली, उरलेली २०२४ पर्यंत. निवडलेल्या जागेवर पोचायला वीस वर्षांच्या वर गेली, पण जागा त्यांची त्यांनी ठरवली होती. आपल्याकडे १९६५ नंतर किती गावांना तसे विचारले गेले, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावे.

आता २०२७ ची शिरगणती जाहीर झाली आहे. तोडीवर किंवा तराफ्यावर असलेल्या माणसांची नावे घरच्या कारभारणीने आधीच लिहून ठेवावीत, वय आणि कामासकट.