शेतावरचा पाहुणा

पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील राजुरी येथे शहरातील कुटुंबे शेतावर मुक्कामास येतात, चुलीवरची भाकरी खातात व पिकांतून हिंडतात. २०१८ साली जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून घोषित झाला, आणि २०२० साली राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले. त्यामुळे या जोडधंद्यास चालना मिळाली आहे.

भूमध्य समुद्रातील सिसिली व सार्डिनिया ही बेटे इटली देशात मोडतात. त्या देशाने १९८५ सालीच यासाठी कायदा केला. शेती हा मुख्य व्यवसाय आणि पाहुणचार तिला पूरक, हे त्याचे सूत्र होय. आपणांसही ते उपयोगी आहे. गोठा रिकामा व रान पडीक असेल, तर पाहुण्याने पाहावे काय?

शेतकरी बंधूंनी खोल्या बांधण्यापूर्वी शुद्ध पाणी व स्वच्छ शौचालय यांची सोय करावी. विहिरीस कठडा बांधावा. फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत आणि फवारलेल्या पिकात पाहुण्यांस नेऊ नये. जुन्नरच्या उसाच्या रानांत बिबट्याचा वावर असतो. म्हणून दिवस मावळल्यावर मुलांना एकटे बाहेर सोडू नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या गोष्टी प्रत्यक्ष पाहूनच सल्ला द्यावा.

पाहुणा एखाद्या हंगामात न आला, तरी शेताने घर चालविले पाहिजे.