पाणी जातं कुठं?

डिसेंबरच्या शेवटी सबमिशनं आटोपून वाईला घरी गेलो, तेव्हा चहा यायच्या आधी बाबांनी बातमी सांगितली, 'गाडी पाणी खातेय.' आमची गाडी जुनी, तीन सिलिंडरची. रोज मंडईपर्यंत आणि महिन्यातून दोनदा पसरणी घाट चढून पाचगणीला आत्याकडे, एवढाच तिचा संसार. आठवड्याला अर्धा-पाऊण लिटर पाणी घालावं लागत होतं, पण खाली फरशीवर एक थेंब नाही. मागच्या खेपेला तर घाटात काटा लाल पट्टीला टेकला होता.

आपण थर्ड इयर मेकॅनिकल, आय.सी. इंजिनचा पेपर नुकताच दिलेला! सकाळी गाडी सुरू केली, तर सायलेन्सरमधून पांढरा धूर. ऑइलचं झाकण उघडलं, तर आतून दुधाच्या सायीसारखा पिवळट थर. मी अंगणातच निकाल जाहीर केला, 'बाबा, हेड गॅस्केट गेलं.' गावातल्या एका गॅरेजवाल्यानेही धूर बघून तेच सांगितलं. हेड उतरवायचं, प्लेन करायचं, गॅस्केट बदलायचं; अंदाजे चौदा हजार. बाबा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, 'हॉस्टेलची फी दंडासकट पुढच्या महिन्यात भरली तर चालेल ना रे?'

मित्रांनो, हे गॅस्केट म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधला एक पातळ थर. जळणारा वायू, पाणी आणि ऑइल या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवायचं काम त्याच्याकडे. हॉस्टेलच्या एकाच खोलीत तीन भांडखोर रूम पार्टनर, आणि हा बिचारा रेक्टर! इंजिन तापलं की याची पंचाईत होते. बहुतेक जुन्या इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम बिडाच्या दुप्पट प्रसरण पावतं. ३० सेंमी लांबीचं हेड १०० अंशांनी तापलं तर सुमारे ०.७ मिमी वाढतं, बीड मात्र ०.३३ मिमी. हा फरक गॅस्केट रोज सोसतं. पण पाणी संपून हेड एका जागी जास्त तापलं की ते वाकतं, आणि बऱ्याच लहान इंजिनांत वाकण्याची मर्यादा ०.०५ मिमी एवढीच असते. म्हणजे गॅस्केट बहुधा आपल्या मरणाने मरत नाही. आधी पाणी कुठूनतरी जातं, मग इंजिन तापतं, मग गॅस्केटचा नंबर.

हे मला पेपरात लिहिता आलं असतं, पण अंगणात आठवलं नाही. आठवून दिलं ते बाबांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. माझं भाषण शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'इंजिनिअर साहेब, पाणी जातंय हे कळलं. कुठं जातंय ते बघितलं का?'

आधी धूर. गाडी पंधरा मिनिटं चालू ठेवली आणि धूर गायब! एक किलो पेट्रोल जळलं की साधारण १.४ किलो पाणी तयार होतं. ऑक्टेनचं समीकरण मांडून बघा. थंडीत गार सायलेन्सरमध्ये त्याचीच वाफ दिसते. गॅस्केटचा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही, आणि कूलंट असेल तर गोडसर वास येतो. मग ती साय. मिस्त्रींनी डिपस्टिक काढून माझ्या नाकासमोर धरली. ऑइल काळं, पण स्वच्छ, दुधाळपणा नाही. मंडईपर्यंतच्या दोन किलोमीटरांत ऑइल पुरतं तापतच नाही, मग आतला दमटपणा गार झाकणावर साचतो. माझे दोन्ही पुरावे एका तासात बाद. व्हायवात एक्स्टर्नलनेसुद्धा इतकं सोलून काढलं नव्हतं.

मग त्यांनी गार इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून तिथे हातपंप बसवला. (गार इंजिनवरच! तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी सरळ तोंडावर येतं.) झाकणावर लिहिलेला असतो तेवढा, म्हणजे ०.९ बार दाब दिला. दहा मिनिटांत काटा ०.६ वर. म्हणजे गळती आहे; पण आत की बाहेर? प्लग काढून स्टार्टर मारला, एकाही सिलिंडरमधून पाणी उडालं नाही. कॉम्प्रेशन मोजलं, तर तिन्ही सिलिंडर ११ ते ११.५ किलोच्या दरम्यान. शेजारशेजारचे दोन एकदम खाली आले असते, तर संशय त्यांच्यामधल्या गॅस्केटवर गेला असता. अजून खात्री हवी असेल, तर एका निळ्या द्रावातून रेडिएटरमधली हवा ओढतात. त्यात जळलेल्या वायूचा कार्बन डायऑक्साइड असेल, तर द्राव पिवळा पडतो. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही.

कारण टॉर्च आणि दाढीचा फुटका आरसा घेऊन मिस्त्री खाली वाकले, ते 'हे बघा' म्हणतच उठले. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं. मला तो कास्टिंगमधला दोष वाटला! पण ते मुद्दाम ठेवलेलं असतं: आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर पडावं म्हणून. त्या भोकाखाली वाळलेला हिरवट-पांढरा ओघळ होता, आणि आमच्या डोळ्यांदेखत एक थेंब जमला. चालत्या गाडीत हा थेंब तापलेल्या ब्लॉकवर पडून वाळून जायचा. फरशी कोरडी राहायची ती त्यामुळे.

घाटातला काटा झाकणाने चढवला होता. तेही पंपाला लावून बघितलं, तर ०.४ लाच स्प्रिंग उघडली. ०.९ बार दाबाखाली पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. दाब नसेल तर समुद्रसपाटीला १०० वर, आणि १३०० मीटर उंचीवरच्या पाचगणीत ९६ च्या जवळपास. आधीच कमी असलेलं पाणी, त्यात चढ, त्यात ढिलं झाकण. त्या दिवशी बाबांनी वेळेवर गाडी थांबवली नसती, तर माझं निदान खरं ठरलं असतं.

पंप, झाकण, नवं कूलंट आणि मजुरी मिळून तेवीसशे रुपये. बोअरचं पाणी घालणं बंद; त्यातल्या क्षाराने रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. जुनं कूलंट मिस्त्रींनी डब्यात भरून झाकण लावून ठेवलं. ते चवीला गोड असतं आणि कुत्र्याने चाटलं तर मरतं, हे आपल्या मेसमागच्या काळूच्या मित्रमंडळींनी लक्षात ठेवावं.

गाडी एकदा तापली होती, म्हणून महिनाभर पातळी बघत राहा असं मिस्त्रींनी बजावलं होतं. त्यासाठी आईने कूलंटच्या टाकीवर बरोबर पातळीच्या रेघेवर लाल टिकली चिकटवली. फी मी शेवटच्या तारखेला भरली, दंडाशिवाय. दर रविवारी बाबांचा फोन येतो. आधी अभ्यासाची चौकशी, मग गाडीची खबर: 'टिकली जागेवर, पाणीही जागेवर.'